रौप्यमहोत्सवाची आंबील

माझा उजवा गुडघा पुरता वाकत नाही. पंगतीत बसायची वेळ आली की मी तो पाय पुढं पसरून बसतो आणि वाढणारे वळसा घालून जातात. नवखा माणूस विचारतोच, काय झालं म्हणून. कुस्तीत मोडला, एवढंच मी सांगतो. त्यापुढचं सांगायला लागलो की आवाज चढतो आणि बायको आतून हाक मारते, "झालं का सुरू?" आज ती माहेरी गेली आहे, म्हणून सगळं लिहून काढतो.

आमचं गाव चिखली-मेहकर रस्त्यावरचं. गावाबाहेर नाल्याच्या अंगाला कुस्तीचं मैदान आहे. मधोमध लाल मातीचा हौद, तिन्ही बाजूंनी दगडी पायऱ्या आणि चौथ्या बाजूला पाहुण्यांसाठी ओटा. हे मैदान गावातल्या सरकी-कापसाच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं बांधून दिलं होतं. पहिल्या दिवसापासून तेच मैदानाच्या कमिटीचे अध्यक्ष. शाळेच्या मंडळातही त्यांचाच शब्द चाले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही म्हणत असे. खोटं कशाला सांगू, विशीत मला त्यांचं भारी अप्रूप होतं. मैदानाच्या मातीत दरसाल तेल, ताक, हळद घालायची ती त्यांच्या घरची. माझी ताकद त्या मातीत वाढली, हे मला नाकारता येत नाही.

मी तेविशीत होतो. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. माघातल्या जत्रेत शेवटची कुस्ती माझी आणि भाऊसाहेबांच्या भाच्याची लागली. भाचा अंगानं माझ्यापेक्षा भारी, पण दमाला कच्चा. पहिली दहा मिनिटं मी त्याला नुसता फिरवला. मग तो हातावर भार देऊन श्वास घ्यायला लागला तसा मी त्याच्या बगलेत शिरलो, कंबर धरली आणि उचलून आपटला. त्याची पाठ मातीला लागली. नुसती लागली नाही, मी छातीवर भार देऊन ती दाबून धरली होती. त्याच्या दोन्ही खांद्यांखालची माती बाजूला सरकलेली मी डोळ्यानं पाहिली. पायऱ्यांवरून आरोळी उठली. मी उठलो आणि दोन्ही हात वर केले.

पंच होते शाळेचे ड्रिलमास्तर. ते ओट्याकडं पाहत होते. तिकडून परत माझ्याकडं पाहून म्हणाले, "खांदा टेकला नाही. चालू द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हात वर ठेवूनच मी त्यांच्याकडं वळलो, "मास्तर, काय म्हन्ता?" एवढ्यात मागून भाच्यानं माझा पाय ओढला आणि त्याच्यावर सगळं अंग टाकलं. गुडघ्यातून ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. मी तोंडावर पडलो. त्यानं मला उलटा केला. मोडक्या पायाचा माणूस उलटा करायला काय लागतं? पंचांनी शिट्टी वाजवली आणि त्याचा हात वर केला.

मी ओरडत होतो. दुखत होतं म्हणूनही आणि निकालासाठीही. भाऊसाहेब ओट्यावरून उतरून आले, भाच्याच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि माझ्याकडं खाली पाहून म्हणाले, "मातीत रडनारा पहिलवान नसते."

पायऱ्यांवरचे काही लोक हसले. मला बैलगाडीत घालून चिखलीच्या दवाखान्यात नेलं. गाडीत माझा बाप माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तो भाऊसाहेबांच्या कापसाच्या कारखान्यात रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, भरायला जात असे. त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. त्याचं मौन मला आजही समजतं, पण तेव्हा त्याचाही राग आला होता.

पाय जोडला गेला, वाकडा. शेतीची कामं होईनात. एका नात्यातल्या माणसानं मला हैदराबादकडं एका बिअरच्या कारखान्यात लावून दिलं. पहिल्यांदा बाटल्या धुतल्या, मग हौदावर गेलो. धान्याला मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं, पाण्यात घालून तापवायचं, गाळायचं, थंड करायचं आणि मग त्यात विरजण सोडून वाट पाहायची. या कामाला धावपळ लागत नाही, लक्ष लागतं. वाट पाहणं मला चांगलं जमायचं. अकरा वर्षं मी तिथं काढली. त्यातला एक दिवस असा गेला नाही की हौदाच्या फेसाकडं बघताना मला भाऊसाहेबांचं ते वाक्य आठवलं नाही. भाऊसाहेब मरून जातील आणि माझं राहून जाईल, याची मला भीती वाटायची. गावाकडून कुणी आला की मी पहिल्यांदा त्यांची तब्येत विचारायचो. लोकांना वाटे, किती मनाचा मोठा.

बाप वारला तेव्हा मी बायकोला घेऊन गावी परत आलो. मोठ्या दुष्काळाला दोन पावसाळे उलटले होते. शेतात पुन्हा ज्वारी उभी राहत होती. येताना हौदावरच्या एका मित्रानं मला विरजणाची बाटली दिली होती. घरच्या घरी, नुसत्या गमतीसाठी, मी ज्वारीची बिअर करून पाहिली. बायको आंबील करण्यात पटाईत. ज्वारी किती आंबू द्यायची ते तिला वासावरून कळे. कारखान्यात कडवटपणासाठी वेलीची फुलं घालत. ती इथं कुठून आणणार? तिनं कडू काडेचिराईत सुचवलं. तिसऱ्या खेपेला अशी बिअर जमली की मी स्वतःशीच हसलो. दोन-चार शेजाऱ्यांनी चाखली आणि बातमी भाऊसाहेबांपर्यंत गेली.

त्यांनी मला बोलावलं. बारा वर्षांनी मी त्यांच्या बैठकीत उभा होतो. केस पिकले होते, आवाज तोच.

"येत्या माघात मैदानाले पंचवीस वर्षं होऊन राह्यले," ते म्हणाले. "मी मुंबईले एका क्लबात गेलतो. त्यांच्या मैदानाची जयंती होती. त्यांनी खास बिअर काढली होती बे! बाटलीवर मैदानाचं चित्र. तेवढ्याच दिवसापुरती, मग पुन्हा काढनार नाई. पाव्हने बाटल्या जपून घरी घेऊन गेले. आपल्या मैदानाची तशी काढ. दीडशे बाटल्या. आपल्या ज्वारीची."

"अन् पोलीस?"

"पोलिसाचं मी पाहतो. कागदावर आंबील लिहू. रौप्यमहोत्सवाची आंबील. आंबील प्याले कोन मना करते?" ते हसले. मग माझ्या गुडघ्याकडं नजर गेली. "ते जुनं मनात नको ठेवू. पोरपन होतं."

"हाव," मी म्हणालो. "मनात नाई ठेवत."

घरी येईपर्यंत माझ्या अंगात इतकी ताकद आली होती की गुडघ्याचा विसर पडला. मी परसात गेलो. कुंपणाला जुलाबाच्या जमालगोट्याचं झाड होतं. मी मूठभर बिया काढून बायकोसमोर ठेवल्या. तिनं त्या पाहिल्या आणि माझं तोंड पाहिलं.

"दीडशे मानसं मैदानातून पळतीन," ती म्हणाली. "मंग?"

"मंग काय? बारा वर्षांचं निघन."

"काय निघन? लोकं तुमाले शिव्या देतीन, त्याले नाई. त्याची काय चुकी होती ते कोनाले कळन?" तिनं बिया उचलून चुलीत टाकल्या. "तुमाले त्याचं पोट बिघडवाचं हाय का त्याचं नाव?"

मला तोवर हे दोन वेगळे असतात हेच सुचलं नव्हतं. त्या दिवशी दुपारभर मी अंगणात बसून राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं लोणारला गेलो. ड्रिलमास्तर निवृत्त होऊन तिथं मुलीकडं राहतात असं कळलं होतं.

मास्तर ओसरीवर बाजेवर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं. ते उठायला लागले तर मी म्हटलं, "बसा. मी मारायले नाई आलो. मले लिहून पाहिजे."

"काय?"

"त्या दिवशी तुमी काय पाह्यलं ते."

त्यांनी मान हलवली. म्हातारा झालो, आठवत नाही, वगैरे वगैरे. मीही ओसरीच्या कडेला पाय पसरून बसलो. त्यांच्या मुलीनं पाणी दिलं, चहा दिला, जेवायला वाढलं. मी सगळं घेतलं आणि बसून राहिलो. दुपार कलली तशी ती घाबरली. "बाबा, काय पाहिजे ह्यांना ते देऊन टाका ना," म्हणाली.

मास्तर अचानक माझ्याकडं वळले. "तुले मालूम हाय का त्यानं मले काय कबूल केलं होतं? हेडमास्तरची खुर्ची. ओट्यावरून नुसती मान हलवली, मी निकाल फिरवला. अन् खुर्चीवर कोनाले बसवलं? आपल्या साडूच्या पोराले! मी नोकरी संपेपर्यंत शिट्टी फुकत राह्यलो."

त्यांच्या हातातली शेंग चुरगळली होती. मी आशा केली होती की त्यांना पश्चात्ताप झाला असेल. तसलं काही नव्हतं. माझ्या गुडघ्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा राग त्यांच्या खुर्चीसाठी होता, आणि तो माझ्याइतकाच ताजा होता. मला तो चालला. दुसऱ्याचा सूड माझ्या कामी येत असेल तर त्याची जात विचारायची गरज मला वाटली नाही.

त्यांनी मुलीकडून वही मागवली आणि सुबक अक्षरात लिहिलं: 'त्या कुस्तीत अध्यक्षांचा भाचा चीत झाला होता. दोन्ही खांदे टेकलेले मी पाहिले. अध्यक्षांच्या खुणेवरून मी निकाल फिरवला. समोरच्या पैलवानाचा पाय त्यानंतर, तो हात वर करून उभा असताना मोडला गेला.' खाली सही. कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "मी नाई म्हननार नाई. कोनी विचारलं तं सांगतो."

बाटल्यांवरची चित्रं छापायचं काम भाऊसाहेबांनी माझ्यावरच सोपवलं होतं. मी मुद्दाम जालन्याला गेलो, तिथं आमच्या गावाचं कुणी ओळखीचं नव्हतं. समोरचं चित्र त्यांना दाखवून मंजूर करून घेतलेलं: गदा, मैदानाच्या पायऱ्या, वर 'रौप्यमहोत्सवाची आंबील'. त्याच छापखान्यात मी दुसरी, लहान चिठ्ठी छापून घेतली. तिच्यावर मास्तरांचं लिहिणं, सहीच्या ठशासकट.

मग मी बिअर केली. हे मला ठासून सांगायचं आहे की तशी बिअर मी कारखान्यातही केली नव्हती. थंडीचे दिवस होते, त्यामुळं विरजणानं घाई केली नाही. बायकोनं ज्वारी निवडून घेतली, ओल्या पोत्यात मोड आणले, धाब्यावर वाळवली. रांजण आम्ही आलटून पालटून राखले. सूड घ्यायचा तर मालात खोट नको, असं माझं म्हणणं होतं. बाटली हातातून सोडवत नाही अशी असली पाहिजे. सोडावाल्याकडून बुचं दाबायचं हातयंत्र आणलं आणि दीडशे बाटल्या भरल्या. समोरची चित्रं आधीच लावली. मागच्या चिठ्ठ्या उत्सवाच्या दिवशी पहाटे उठून आम्ही दोघांनी खळीनं चिकटवल्या. ती चिकटवत होती, मी वाळवत होतो. शेवटची चिठ्ठी लावून झाल्यावर तिनं विचारलं, "भेव नाई वाटत?"

"वाटते," मी म्हणालो. "तो आज आलाच नाई तं, एवढंच भेव."

ते आले. पांढरा कोट, गुलाबी फेटा. मैदानावर मांडव होता. पायऱ्या गच्च भरलेल्या. तालुक्याचे पुढारी, आजूबाजूच्या गावांचे वस्ताद, जुने पैलवान ओट्यावर खुर्च्यांवर बसले होते. दुपारच्या कुस्त्या आटोपल्यावर ओल्या पोत्यांखालून बाटल्या काढल्या. ओट्यावर आणि पुढच्या पायऱ्यांवर त्या वाटताना मीच पुढं होतो. भाऊसाहेबांनी बाटली हातात धरून भाषण केलं. या मातीनं न्याय शिकवला, असं ते म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडी घातले नव्हते, ते त्यांचे त्यांनीच काढले. शेवटी माझ्याकडं हात करून म्हणाले, "हाच तो आपल्या मातीचा मानूस. पाय गेला पन मातीले विसरला नाई."

टाळ्या झाल्या. बुचं उडाली. फेस वर आला आणि लोक हसले. मेहकरकडचे एक म्हातारे वस्ताद होते, त्यांनी दोन घोट घेतले, "वा!" म्हणाले, बाटली न्याहाळण्यासाठी फिरवली. चष्मा नाकावर खाली ओढला. ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा, मोठ्यानं वाचलं. त्यांचा आवाज तालमीत कमावलेला. पायऱ्यांच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेला.

ओट्यावरच्या प्रत्येक माणसानं आपापली बाटली फिरवली. तो क्षण मी पुन्हा पुन्हा आठवून जगलो आहे. चाळीस-पन्नास हात एकदम फिरले. भाऊसाहेबांनी सगळ्यात शेवटी फिरवली.

"कोनं लावलं हे?"

"मी," मी म्हणालो.

"बारा वर्षं झाले, अजून रडूनच राह्यला तू?"

"रडत नाई भाऊसाहेब. निकाल सांगून राह्यलो."

पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "भाच्याले विचारा!" भाचा ओट्याच्या कोपऱ्यात बसला होता. अंग सुटलेलं, पण फेटा बांधलेला. सगळं मैदान त्याच्याकडं पाहत होतं. मामांनी खुणेनं त्याला बोलायला सांगितलं. पुन्हा तीच मान हलवली होती! तो उठला. मग खाली उतरून मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेला. त्यानं नाही म्हटलं असतं तर अर्धं गाव त्याच्या बाजूनं उभं राहिलं असतं, पण त्याला नाही म्हणता आलं नाही.

"बाटल्या जमा करा!" भाऊसाहेब ओरडले. पण कोण देतो? लोकांनी त्या धोतराच्या सोग्यात, पिशव्यांत, कोटाखाली घातल्या. वस्तादांनी आपली बाटली संपवली, मग ती स्वच्छ पुसली आणि खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळली. जाताना माझ्यापाशी थांबून एवढंच म्हणाले, "कुस्ती तू मारली होती. मी त्या दिवशी पायऱ्यांवर होतो. तवाच बोललो असतो तं बरं झालं असतं."

त्यांचंही मी मनात लिहून ठेवलं. पाहिलं आणि गप्प बसले, असे त्या दिवशी कितीजण होते!

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. आंबील कागदावर होती, रांजणात बिअर होती. भाऊसाहेबांनी तोंडी दिलेला शब्द कोर्टात दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. त्यांनीच खबर दिली हे हवालदारानं रस्त्यात मला सांगितलं, जसं काही मला ते कळलंच नसतं. तीन महिने बुलडाण्याच्या तुरुंगात काढले. मला तिथं झोप चांगली लागायची. बायको भेटीला यायची आणि गावच्या बातम्या सांगायची. तिला त्या सांगायची हौस नव्हती, मीच एकेक खोदून विचारायचो. दुसऱ्या गावांच्या वस्तादांनी मैदानावर पोरं पाठवणं बंद केलं. कमिटीची बैठक झाली. मास्तरांना बोलावलं तर ते खरोखर आले आणि उभं राहून सगळं सांगितलं. भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. त्या बातमीच्या दिवशी मी तुरुंगातली भाकरी दोनदा मागून घेतली.

"आता झालं ना?" बायकोनं विचारलं.

"काय झालं?"

"पोट भरलं ना?"

"मास्तर आनखी काय बोलले?" मी विचारलं. तिनं गज धरला. "ज्वारी मी एकटीनं काढली," ती म्हणाली. "कनगीत भरली. तुमी त्याचंच विचारता, ज्वारीचं एक डाव नाई विचारलं." मग ती एसटीच्या वेळेला निघून गेली. ते मला लागलं. पुढच्या खेपेला मी ज्वारीचं विचारलं, पण तिला ठाऊक होतं की मी आठवणीनं विचारतो आहे.

सुटून आल्यावर मी पुन्हा बिअर केली नाही. चिखलीच्या बाजारात धान्य पारखण्याचं काम मिळालं. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून मोड येईल की नाही ते मी सांगायचो, व्यापारी ऐकायचे.

एकदा, पुष्कळ वर्षांनी, चिखलीच्या एसटी स्टँडवर मी बाकावर बसलो होतो. शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. काठी, थरथरते हात, पांढरी टोपी. भाऊसाहेब. फेटा बांधणं सुटलं होतं, तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. त्यांनी मला पाहिलं.

"अजून किती दिवस मनात ठेवशीन?" त्यांनी विचारलं. शब्द नीट फुटत नव्हते, पण कळले.

"तुमी हाय तवर," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, जणू भाव ठरला. आमच्या गावाकडची गाडी लागली. ते काठी टेकत गेले आणि पायरीशी अडले. एक बाई पोर कडेवर घेऊन मागं उभी होती. तिनं माझ्याकडं पाहून म्हटलं, "बाबांना जरा हात द्या ना हो." मी बाकावरून उठलो नाही. मग तिनंच पोर खाली ठेवलं आणि त्यांच्या कोपराला धरून वर चढवलं. चढताना त्यांची टोपी पडली, तीही तिनंच उचलून दिली.

त्या गाडीत जागा होती. मी गेलो नाही. पुढच्या गाडीला दीड तास होता, तोवर तिथंच बसून राहिलो.